परवलीच्या शब्दाची चौकट आणि तिच्यातील फिकट अक्षरे

(परभणी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व सेवा केंद्रचालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की, एवढ्या लहान गोष्टीसाठी सभा कशाला भरवावयाची? संगणकावरील अर्जात परवलीचा शब्द, म्हणजे आपण सर्वजण ज्याला पासवर्ड म्हणतो तो, लिहिण्यासाठी एक चौकट असते. त्या चौकटीत आपण काही लिहिण्यापूर्वीच काही फिकट अक्षरे दिसत असतात. या फिकट अक्षरांविषयी मला बोलावयाचे आहे.

चौकट बोटभर लांबीची असते आणि अक्षरे तर त्याहून नगण्य. परंतु आज शासनाच्या कितीतरी योजनांचा दरवाजा याच चौकटीतून उघडतो. विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीचा अर्ज करावयाचा असो, मुख्याध्यापकांना यू-डायस प्लसमध्ये शाळेची माहिती भरावयाची असो, की ग्रामपंचायतीस ई-ग्रामस्वराज प्रणालीत आपला आराखडा नोंदवावयाचा असो, खाते उघडल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आणि पाथरीपासून पूर्णेपर्यंत पसरलेल्या नऊ तालुक्यांतील या जनतेपुढे जो दरवाजा आपण उभा करतो, त्याची कडी तिच्या हाताला लागते की नाही, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

एक साधा प्रश्न

काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावातील सेवा केंद्रात मी बसलो होतो. अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती. पन्नाशीच्या एक शेतकरी भगिनी स्वतःचा मोबाईल घेऊन आल्या होत्या. त्यांना वाचता-लिहिता येत होते आणि आपले खाते आपणच उघडावे, अशी त्यांची इच्छा होती. नाव लिहून झाले, गावही लिहून झाले. पासवर्डच्या चौकटीत फिकट अक्षरांत काही सूचना होती. ती पुरती वाचून होण्यापूर्वीच त्यांचे बोट चौकटीवर पडले, पहिले अक्षर उमटले आणि सूचना नाहीशी झाली. त्यांनी लिहिलेला शब्द अर्जाने नाकारला. दुसऱ्यांदा नाकारला, तिसऱ्यांदाही नाकारला. कारण एवढेच दाखवले जात होते की, पासवर्ड योग्य नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "इथं कायतरी लिव्हलं होतं, ते कुठं गेलं?"

या प्रश्नाचे उत्तर तेथे कोणीही दिले नाही. केंद्रचालक चांगल्या स्वभावाचा तरुण होता. तो म्हणाला, "मावशी, द्या इकडं, मी टाकतो." त्याने सर्वांसाठी वापरत असलेला आपला नेहमीचा पासवर्ड घातला. घाईत मोबाईल क्रमांकही स्वतःचाच जोडला. अर्ज गेला आणि सर्वांना बरे वाटले. पुढे त्यांची निवड झाली व कागदपत्रे चढवण्याची वेळ आली, तेव्हा तो केंद्रचालक गाव सोडून गेला होता. पासवर्ड कोणास ठाऊक नव्हता आणि नवा पासवर्ड मागवावा, तर त्यासाठीचा संकेतांक त्या तरुणाच्या मोबाईलवर जात होता. कागदपत्रांची मुदत टळली. त्या भगिनी पात्र होत्या, साक्षर होत्या आणि वेळेवर आल्या होत्या. तरीही त्यांचे नुकसान झाले. त्याची सुरुवात चौकटीतून पुसल्या गेलेल्या एका ओळीपासून झाली होती.

ही अक्षरे येतात कोठून?

चौकट रिकामी असेपर्यंतच दिसणाऱ्या या मजकुरास तंत्रज्ञ प्लेसहोल्डर म्हणतात. चौकटीत काय लिहावे, याची एखाद्या शब्दाची खूण द्यावी, एवढाच त्याचा मूळ हेतू होय. संकेतस्थळे ज्या भाषेत रचली जातात, त्या एचटीएमएलची पाचवी आवृत्ती २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली आणि तिच्यात या सोयीला मान्यतेचे स्थान मिळाले. तथापि, त्याच मानकात हेही स्पष्ट केलेले आहे की, हा मजकूर रकान्याच्या नावाऐवजी वापरू नये. नाव वेगळे आणि खूण वेगळी.

या सोयीपूर्वीचा काळ अधिक अवघड होता. पासवर्डच्या चौकटीचा धर्म असा की, तिच्यात घातलेले प्रत्येक अक्षर ठिपक्याच्या रूपाने दिसते. जुन्या काळी रचनाकाराने तिच्यात 'पासवर्ड लिहा' अशी सूचना मजकूर म्हणून घातली, तर तीही ठिपकेच होऊन बसे. म्हणून काही रचनाकार दोन चौकटी करीत. एक उघडी, सूचना दाखवण्यासाठी; आणि दुसरी झाकलेली, प्रत्यक्ष लिहिण्यासाठी. बोट लागताच पहिली दूर होई व दुसरी तिच्या जागी येई. ही अदलाबदल करणारी आज्ञावली अडखळली, तर सूचनेचे शब्दच पासवर्ड म्हणून पुढे जात, अथवा माणसाचा गुप्त शब्द सर्वांना दिसेल असा उघडा पडे. इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीपर्यंत प्लेसहोल्डरची सोय नव्हती. ती २०१२ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत आली. विंडोज एक्सपी असलेल्या यंत्रावर तर त्याच एक्सप्लोररची आठव्या आवृत्तीपुढची आवृत्ती चालतच नसे. आज ती अडचण उरलेली नाही. पासवर्डच्या चौकटीतही फिकट सूचना सरळ वाचता येते. परंतु एखादी गोष्ट करता येऊ लागली, म्हणून ती करावीच असे नाही.

बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी

आपण कृषिप्रधान जिल्ह्यातील माणसे आहोत. १९७२ साली येथे स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आपल्या अभिमानाचा विषय आहे. म्हणून शेतीतलेच उदाहरण घेतो. बियाण्याच्या पिशवीला बाहेरून चिठ्ठी लावलेली असते. वाण कोणता, उगवणशक्ती किती, मुदत कोठवर, हे तिच्यावर छापलेले असते. पेरणी झाल्यावरही पिशवी, चिठ्ठी आणि पावती पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा, असे आपण शेतकऱ्यास सांगतो. कारण सोयाबीन उगवले नाही, तर तक्रारीच्या वेळी तीच कामास येते. आता कल्पना करा की, पिशवी फोडताच चिठ्ठीवरची अक्षरे उडून जातात. अशी चिठ्ठी कोण मान्य करील? पासवर्डच्या चौकटीत लिहिलेली सूचना नेमकी अशीच असते. लिहिण्यास आरंभ होताच, म्हणजे तिची खरी गरज भासू लागताच, ती नाहीशी होते.

इतर रकान्यांत हे एक वेळ निभावते. मोबाईल क्रमांकाच्या चौकटीतील सूचना गेली, तरी समोर दहा अंक दिसतात आणि त्यावरून ती चौकट कशाची हे कळते. पासवर्डच्या चौकटीत सूचनाही गेलेली असते आणि लिहिलेलेही ठिपक्यांआड झाकलेले असते. माणूस दोन्ही बाजूंनी अंधारात राहतो. अर्जात पासवर्ड दोनदा लिहावयाचा असेल, तर समोर ठिपक्यांच्या दोन सारख्या रांगा उरतात आणि नवा कोणता व खात्रीचा कोणता, हेही सांगता येत नाही.

चार प्रकारची सूचना, चार प्रकारची अडचण

पासवर्डच्या चौकटीत सामान्यतः चार प्रकारचा फिकट मजकूर आढळतो.

पहिला प्रकार म्हणजे रकान्याचे नावच आत घालणे. जागा वाचते, परंतु अक्षर उमटताच नाव जाते. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाच्या आधारे अर्ज भरते. तिच्यासाठी तर रकान्याला स्वतंत्रपणे जोडलेले नाव हाच भरवशाचा आधार असतो.

दुसरा प्रकार नियम आत लिहिण्याचा. किमान आठ अक्षरे, एक अंक, एक चिन्ह अशी ओळ चौकटीत मावत नाही, ती अर्ध्यावर तुटते. मावली तरी लिहिताना दिसत नाही. हीच आपत्ती त्या भगिनींवर आली.

तिसरा प्रकार नुसते ठिपके दाखवण्याचा. हा दिसावयास सुबक, पण सर्वांत फसवा आहे. चौकट भरलेली आहे असे समजून माणूस सरळ पुढच्या बटनाकडे जातो. सेवा केंद्रातील संगणक अनेकजण वापरतात. तेथे आधी आलेल्या माणसाचा पासवर्ड यंत्राने साठवलेला असेल, तर तोही ठिपक्यांच्याच रूपाने दिसतो. खोटे ठिपके कोणते आणि दुसऱ्याच्या पासवर्डाचे खरे ठिपके कोणते, हे ओळखण्यास नवख्या माणसाजवळ साधन नसते.

चौथा प्रकार नमुना देण्याचा. चौकटीत एखादा तयार पासवर्ड उदाहरणादाखल दाखवला, तर अनेकजण तोच जसाच्या तसा लिहितात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. छापील अर्जात नमुना पाहून लिहावे, हे आपणच त्यांना शाळेत शिकवले आहे. मात्र त्यामुळे एकाच किल्लीची अनेक कुलुपे तयार होतात आणि ती किल्ली दारावरच टांगलेली असते.

याशिवाय फिकटपणा हा वेगळाच दोष आहे. अक्षरे ठळक असावीत तर ती आधीच भरलेला मजकूर वाटतात आणि फिकट असावीत तर वाचता येत नाहीत, अशी ही कोंडी आहे. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की, सामान्य आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा. ऐन दुपारी शेताच्या बांधावर उभे राहून मोबाईल पाहणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाच्या डोळ्यांचा विचार केला, म्हणजे या आकड्याचे महत्त्व पटते. नील्सन नॉर्मन ग्रुप या अभ्याससंस्थेने २०१४ मध्येच अशी चौकटीतील सूचना वापरणाऱ्यास अपायकारक ठरते, असे मत मांडले होते.

आपल्या लिपीचा प्रश्न

येथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे. परदेशात रचलेले नियम त्या अडचणीचा विचार करीत नाहीत. पासवर्डात एक मोठे व एक लहान अक्षर हवे, असा नियम आपण वारंवार वाचतो. देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे नाहीतच. ज्याचे शिक्षण मराठीत चौथी-सातवीपर्यंत झाले, त्याला 'मोठे अक्षर' म्हणजे आकाराने मोठे काढलेले अक्षर, असे वाटले तर त्यात नवल ते काय?

अंकांचेही तसेच आहे. मराठी सात आणि इंग्रजी सात हे आपल्यासाठी एकच; संगणकासाठी ती दोन सर्वस्वी भिन्न चिन्हे आहेत. मोबाईलवर मराठी कळफलक चालू असताना लिहिलेला अंक एखादी प्रणाली नाकारील, किंवा आज मराठी अंकांत ठेवलेला पासवर्ड उद्या इंग्रजी कळफलकावर जुळणार नाही. नावाच्या रकान्यात ही चूक डोळ्यांना दिसली असती. पासवर्डच्या चौकटीत मात्र मराठी अंकाचाही ठिपका आणि इंग्रजी अंकाचाही ठिपका! अशा वेळी 'इंग्रजी अक्षरे व इंग्रजी अंक वापरा' ही सूचना लिहिणे संपेपर्यंत डोळ्यांपुढे राहिली पाहिजे, आणि ती मराठीत असली पाहिजे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. कागदावरच्या टिपणीत मराठी आणावयाची आणि जनतेच्या चौकटीतील सूचना मात्र परक्या भाषेत ठेवावयाची, हे त्या अधिनियमाच्या भावनेशी सुसंगत नाही.

किल्ली कोणाच्या हाती?

कोणी विचारील की, शेवटी केंद्रचालक अर्ज भरून देतोच. मग बिघडले कोठे? बिघडते ते येथे की, खाते नागरिकाच्या नावावर असते आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते. पासवर्ड बँकेच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहिला जातो, केंद्राच्या वहीत गावाची यादी तयार होते, एकच शब्द सर्वांना वाटला जातो. शाळांतही मुख्याध्यापकांचा पासवर्ड एखाद्या संगणक जाणणाऱ्या शिक्षकाजवळ राहतो आणि त्याची बदली झाली की माहिती भरण्याचे काम अडते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-क या कलमानुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा कपटाने वापरणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असा गुन्हा आहे. बहुसंख्य केंद्रचालक प्रामाणिक आहेत, हे मी अनुभवाने सांगतो. परंतु एकाच्या चांगुलपणावर साऱ्या गावाच्या किल्ल्या टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. त्यातून उद्या एखादा गैरप्रकार घडला, तर संशय त्याच प्रामाणिक माणसावर येईल.

करावयाचे काय?

उपाय खर्चिक नाहीत. अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे की, आपल्या कार्यालयासाठी एखादा अर्ज संगणकावर तयार होत असेल, तर तो स्वीकारण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात.

रकान्याचे नाव चौकटीच्या वर, ठळक अक्षरांत व कायम दिसणारे असावे. पासवर्डचे नियम चौकटीखाली सोप्या मराठीत लिहावेत आणि एकेक नियम पूर्ण होईल तसतशी त्यापुढे खूण उमटावी. चौकट आतून रिकामी ठेवावी. नमुना आणि ठिपके तर मुळीच असू नयेत. शेजारी 'दाखवा' असे बटन असावे, म्हणजे एकान्तात असलेल्या माणसास आपण लिहिलेले तपासून पाहता येईल. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००९ मध्येच, पासवर्ड सरसकट झाकून ठेवण्याने चुका वाढतात, असे प्रतिपादन केले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत लिहिलेले दाखवण्याची सोय द्यावी, अक्षरांच्या मिश्रणाची सक्ती करू नये आणि लांबीवर भर द्यावा, असे सुचवले. शब्द नाकारला गेला, तर 'योग्य नाही' एवढेच न सांगता काय कमी पडले ते सांगावे. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ चा आहे. म्हणजे आधार शोधण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही.

आणखी एक कसोटी सांगतो. अर्ज मंजूर करण्यापूर्वी गावातील पाचजणांना तो भरावयास द्यावा. त्यांत एक वृद्ध, एक नुकतीच दहावी झालेली मुलगी आणि एक मराठी कळफलक वापरणारा शेतकरी असावा. आपण मागे उभे राहून पाहावे, बोलू नये. बोट जेथे थबकेल, तेथे अर्जाची चूक आहे असे समजावे, माणसाची नव्हे.

शिक्षकांना विनंती अशी की, सातवी-आठवीच्या मुलांना एक तास काढून पासवर्ड कसा निवडावा ते शिकवावे. एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द इंग्रजी अक्षरांत जोडले, तर तो शब्द लांब होतो आणि लक्षातही राहतो. गावाचे नाव, जन्मवर्ष व मोबाईल क्रमांक मात्र टाळावा. ही मुलेच घरातल्या वडीलधाऱ्यांची पहिली मदतनीस असतात.

ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या केंद्रात एक फलक लावावा. पासवर्ड नागरिकाने स्वतः लिहावा. मोबाईल क्रमांक त्याचा स्वतःचाच जोडावा. यंत्राने 'पासवर्ड साठवू का?' असे विचारल्यास नकार द्यावा. काम संपताच खात्यातून बाहेर पडावे. चार ओळींचा फलक, पण त्याने पुष्कळ मनस्ताप वाचेल. एवढ्यावर न थांबता, एखाद्या अर्जाची चौकट लोकांना कळत नसेल, तर तसे लेखी कळवण्याचा ठरावही ग्रामसभेने करावा. रस्ता खचला तर आपण कळवतो. हीदेखील रस्ता खचल्याचीच तक्रार आहे.

मित्रहो, पूर्वी गडाच्या दरवाजावर रात्री पहारेकरी परवल विचारीत असे. परवल काय आहे हे तो सांगत नसे, परंतु आपण काय विचारीत आहोत, हे तो स्पष्ट आवाजात सांगे आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून हलत नसे. आपल्या चौकटीनेही एवढेच करावयाचे आहे. गुप्त राहावयाचा तो माणसाचा शब्द. शासनाची सूचना गुप्त राहण्याचे काहीच कारण नाही. "ते कुठं गेलं?" असे विचारण्याची पाळी आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही माय-बहिणीवर पुन्हा येऊ नये, एवढे जरी आपण केले, तरी या सभेचे सार्थक झाले असे मी मानीन.